तट

लाईट गेली होती म्हणून आण्णा मोकळा.
ग्राइंडर गप्प, भुवया ग्रॅनाईटच्या भुकटीनं पांढऱ्या,
गुडघ्याशी कुठल्याशा देवळाच्या पायरीची फरशी:
'कै. बाळूताई बाबगोंडा यांचे स्मरणार्थ रुपये ११,१११',
त्यातला शेवटचा एक अजून अर्धाच.

मी मोबाईल पुढं धरला.
नाईलकाठच्या देवळातला खांब,
साडेतीन हजार वर्षं, थोडी कमीच.
बुडाला रांगेनं माणसं. गळ्यापासून वर माणूस,
खाली लंबगोल तट, बुरुजांसकट.
तटाच्या आत नाव.
दंड पाठीमागं आवळलेले.
पोट नाही, पाय नाहीत;
भाकरी जिथं जायची तिथं अक्षरं.

"हे कोण?"
शासू.
"शाहू?"
शासू, आण्णा.
"कुणाची सासू?"
पलीकडचा वेल्डिंगवाला खिदळला,
त्याचीही लाईट गेलेली.

शेळ्यामेंढ्या घेऊन फिरणारी माणसं, मी सांगितलं,
गाव नव्हतं त्यांना. राजानं जिंकली
आणि नावं देवळात कोरून घेतली.

आण्णानं चष्मा पुसला, शर्टाला, म्हणजे आणखी मळवला.
"तट न्हवता त्यास्नी," तो म्हणाला,
"म्हणून अंगालाच घातलाय व्हय."

मग दोन बोटांनी फोटो मोठा केला,
आणखी मोठा, चौकोन फुटेपर्यंत.
"हात दोघांचा हाय.
नाव घाईत मारलंय, हितं छिन्नी घसरली बघ.
दोरीला मात्र घाई न्हाई.
पीळ मोजून काढलाय एकेक."

पहिलं अक्षर तळ्याचं असतं, आण्णा,
कमळं उगवलेलं तळं.
"रंकाळाच की मग."

रंकाळा आधी खाण होती.
तिथला दगड कुणाच्या घणानं निघाला
ते पाण्याखाली असेल कुठं तरी.
आमच्या बोलीत नावाला पेरू म्हणतात.
चौथीत मी बाईंना म्हणाले, माझं पेरू रेणुका,
तेव्हापासून दहावीपर्यंत डब्यात
कुणी ना कुणी पेरूची फोड टाकून जायचं.
वाईट नव्हती. गोड असायची.

दाखल्याच्या वेळी खिडकीतल्या माणसानं विचारलं:
एकसष्टच्या आधीचा कागद?
शाळा? आज्जा कधी गेला नाही.
घरपट्टी? पालाला कसली घरपट्टी.
सातबारा म्हणताना तो स्वतःच थांबला.
सहा महिन्यांनी मिरजेकडच्या एका ठाण्यात,
जुन्या वहीत, वाळवीनं सोडलेल्या पानावर:
'दुर्गाप्पा तिम्मा. वडार. उंची पाच फूट तीन.
डावे गालावर वण. रात्रौ हजर.'
पुढच्या ओळीत, रात्रौ हजर.
पुढच्या ओळीत.
एकदाच, गैरहजर. लाल शाईत.
त्या रात्री कुठं होता आज्जा?
आण्णा म्हणतो त्या रात्री मी जन्मलो असणार;
तारीख जुळत नाही, पण आम्ही जुळवतो.

त्या पानावर दाखला निघाला, त्यावर माझी फी माफ.
ठाण्याचे आभार मानायचे का,
हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

आण्णानं वाया गेलेला एक तुकडा उचलला,
तळहाताएवढा, काळा.
"काढ त्यांचं पेरू."
मी खडूनं काढलं: तळं, त्याच्या पुढं पाखरू,
घडीचं कापड, शेवटी लाव्याचं पिल्लू.
सवयीनं भोवती तट काढायला लागले
तर त्यानं अंगठ्यानं पुसला.
छिन्नी हातानं चालवली, सावकाश.
पिल्लाचे पाय दोनदा घेतले. खोल.

मग लाईट आली आणि काही ऐकू येईना.
बाळूताईंचा एक पुरा झाला.

तुकडा स्कूटीच्या डिकीत टाकलाय,
रेनकोटखाली, पाण्याच्या बाटलीशेजारी.
गंगावेस, पापाची तिकटी, विद्यापीठ, परत.
खड्ड्यातून गेलं की खडखडतं आत.